मळखाऊ रंग

पेणच्या बाजारात दिनानाथचं लोकरीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन कपाटं आणि एक फळी. गणपतीच्या दिवसांत तो मूर्तींचे मणी आणि झालरी विकतो, थंडी लागली की लोकर. या दुकानात इंदुबाई तीस वर्षं येत होती आणि तीस वर्षांत स्वतःसाठी मरून आणि चॉकलेटी सोडून तिसऱ्या रंगाला तिने हात लावला नव्हता. दिनानाथ दर खेपेला पिस्ता पुढे करायचा, गुलाबी करायचा, अबोली उलगडून फळीवर ठेवायचा.

"इंदुबाई, कधीतरी दुसरं काही घ्या. एवढे रंग मी काय कपाटाला दाखवायला आणतो?"

"मना मळखाऊच बरा," इंदुबाई म्हणायची.

दिनानाथ हसून गुंडे कागदात बांधायचा. खाडीकडच्या बायका, मिठागरात राबणार, चिखलात उतरणार, त्यांना मळखाऊच लागणार, असं त्याने धरून टाकलं होतं. माणूस भला. पण भल्या माणसांचं हेच असतं, एकदा एखादी गोष्ट धरून टाकली की पुन्हा विचारत नाहीत.

इंदुबाईचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधाआड. एका बाजूला खारं पाणी आत घेऊन सुकवायचे मिठाचे चौकोन, दुसऱ्या बाजूला घरं. विणकामात तिचा हात धरणारं त्या पट्ट्यात कोणी नव्हतं. कोणाच्या घरी पाळणा हलणार असला की त्या घरची बाई आपल्या पसंतीची लोकर घेऊन यायची आणि चौथ्या दिवशी टोपडं, मोजे, छोटा स्वेटर घेऊन जायची. परक्यांच्या पोरांसाठी इंदुबाईने पिवळं, मोरपंखी, लिंबाच्या रंगाचं सगळं विणलं. अंगावर घालायला मात्र तोच एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक धागा मरून आणि एक धागा चॉकलेटी एकत्र धरून विणलेला. तो विरला की तसाच दुसरा. बायका म्हणायच्या, इंदीला दुसऱ्याचं सजवता येतं, स्वतःची हौस म्हणून नाही.

हौस होती. हौसेनेच घात केला होता.

लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक आकाशी स्वेटर होता. माहेरच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी तिला सुया धरायला शिकवल्या होत्या आणि तो तिचा पहिला पुरा झालेला जिन्नस. पौष महिन्यात पहाटे मिठागरावर वारा असा लागतो की बोटं वळत नाहीत. साडीवर आकाशी स्वेटर घालून इंदू बांधावरून चालली की सगळ्या बायकांच्या जुन्या शर्टांत ती एकटी उठून दिसायची. हे तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही. एकोणीस वर्षांच्या पोरीला आवडू नये तर काय करावं?

नवरा बाबाजी मिठागरावरच होता. त्याने तिला पहिल्यांदा मारलं ते मीठ ओढायच्या लाकडी फावड्याच्या दांड्याने. का मारलं ते विचारू नका. कारण शोधायला बसलं की मारणाऱ्याची अर्धी बाजू आपणच मांडून देतो. दांडा नाकावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला आणि आकाशी स्वेटर गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला. ती तशीच हौदावर तोंड धुवायला गेली. तिथे शेजारची रंभा होती, आणखी चार जणी होत्या. सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही, पण पाहिलं. संध्याकाळी ती बातमी बाबाजीच्या कानावर गेली आणि त्याने तिला पुन्हा मारलं. या वेळी कारण होतं. घरातलं रक्त तिने गावाला दाखवलं.

इंदूने त्या दिवशी एवढंच ध्यानात घेतलं की एकदा मार खायचा की दोनदा, हे कपड्याच्या रंगावर आहे.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. दुसऱ्या बायका रंग जुळवतात ते कोणता कशावर खुलेल म्हणून. इंदू रंग निवडायची ते कोणता काय झाकेल म्हणून. तिने बाटलीहिरवा विणून पाहिला. त्यावर रक्त पडलं की आधी दिसत नाही, पण वाळलं की काळे डाग उठतात. काळा विणला. सवाष्णीने बारा महिने काळं घालायचं म्हणून सासूने बोल लावले ते वेगळंच, पण काळ्यावर वाळलेलं रक्त उन्हात चकाकतं, हे तिला बांधावर कळलं. विटकरी फार उजळ निघाला. नुसत्या मरूनवर ओलेपणी ठीक, पण वाळल्यावर कडा दिसायच्या. शेवटी मरून आणि चॉकलेटी हे दोन धागे एकत्र विणले आणि जमलं. ठोसा, दांडा, पट्टा, काहीही पडो, त्या विणीवर डोळा ठरत नव्हता.

धाग्याचेही प्रयोग झाले. खरी लोकर एकदा जुन्या स्वेटरची उसवून वापरली, पण ती रक्त पिऊन बसते आणि धुतली की आखडते. सुती दोरा तर त्याहून वाईट. सुतात एकदा रक्त वाळलं की साबण लावा, दगडावर आपटा, कडेचा पिवळट डाग राहतोच राहतो. दिनानाथकडची ती स्वस्तातली, चकचकीत, नकली लोकर मात्र गुणाची निघाली. मिठागरातलं दाट खारं पाणी बादलीभर आणायचं, स्वेटर लगेच त्यात बुडवायचा, घटकाभराने पिळून काढायचा. रक्त सुटून यायचं. ही युक्ती तिला कोणी शिकवली नाही, खाऱ्या पाण्याजवळ राहणाऱ्याला ती आपोआप कळते. बादली आणायचं काम मिथुनचं होतं. तो तिचा एकुलता एक. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून बापाचा हात थांबला की हा न सांगता बादली उचलायचा आणि बांधाकडे पळायचा.

एवढी हुशार बाई. हे सगळं डोकं तिने दुसऱ्या कशाला लावलं असतं तर आज पेणच्या बाजारात तिच्या नावाची पाटी असती. पण ते डोकं एका मारकुट्या माणसाची अब्रू राखण्यात गेलं. याचा राग यायचा तर येऊ द्या.

बाबाजीने वीस वर्षं मारलं. डावा कान कायमचा गेला, दोन दात गेले, एक बरगडी तशीच वेडीवाकडी जुळली. मिथुन नऊ वर्षांचा असताना एकदा मध्ये पडला, तर बाबाजीने त्याला भिंतीवर असा फेकला की पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. मग मिथुन मध्ये पडायचा थांबला, बादली तेवढी आणत राहिला. पुढे एका भरतीला बाबाजी पिऊन बांधावरून खाडीत पडला आणि तिसऱ्या दिवशी चिखलात सापडला. बायकांनी इंदूला मिठी मारून रडायला लावलं. ती रडली, रीत म्हणून. घरी आल्यावर तिला पोटभर झोप लागली. तिने मरून-चॉकलेटी विणणं मात्र सोडलं नाही. बोटांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मिथुन मोठा झाला, रोह्याच्या एका कंपनीत कामाला लागला. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, पेणहून गाडीने ये-जा. दारू नाही, तंबाखू नाही, आईशी गोड बोलायचा. इंदुबाईला वाटलं, बापाचं नाव तेवढं घेतलं पोराने, बाकी काही नाही. मग निडी गावातली भूमिका नावाची पोर सून म्हणून आली. भात-वालाच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. तिने आल्या आल्या सासूच्या ट्रंकेतले दोन स्वेटर काढून शेजारी शेजारी धरले.

"आई, हा नवा कोणता नि जुना कोणता? मला तर दोन्ही गंजलेल्या पत्र्यासारखे दिसतात."

इंदुबाईला हसू आलं. हे हसू किती वर्षांनी आलं ते तिलाच सांगता आलं नसतं. भूमिका मोबाइलवर विणीचे नमुने काढून दाखवायची, दोघी ओटीवर बसून टाके मोजायच्या. दिनानाथकडून भूमिकाने अबोली आणि पिस्ता आणला आणि सासूच्या मांडीवर टाकला. त्या हिवाळ्यात दोघींनी शेजारच्या बाळांसाठी पट्ट्यापट्ट्यांचे इतके झगे विणले की खाडीकाठची सगळी तान्ही पोरं रंगीत दिसू लागली. इंदुबाई आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी रंगाबद्दल बोलत होती. पिवळ्याशेजारी जांभळा कसा दिसेल, यावर सासूसुनेचं खरंखुरं भांडण झालं आणि सून जिंकली.

मग एका संध्याकाळी भूमिका निडीहून यायला उशीर झाला. गाडी चुकली, दुसरं काही नाही. इंदुबाई चुलीशी होती. दार लावल्याचा आवाज आला, मग तो दुसरा आवाज. उरलेल्या एका कानानेही तिने तो ओळखला. तिला उठता आलं नाही. हे तिने पुढे कधीच लपवलं नाही, की मी उठले नाही. थोड्या वेळाने मिथुन बाहेर आला, हात धुतले आणि जेवायला वाढ म्हणाला. तिने वाढलं.

भूमिकेचा ओठ फाटला होता, पिवळ्या ओढणीवर रक्त होतं. सकाळी तीच ओढणी तिने धुवून दोरीवर टाकली आणि डाग लांबून दिसत होता. इंदुबाईने ओढणी ओढून काढली. मग ती ट्रंकेपाशी गेली, राखून ठेवलेले गुंडे काढले आणि चार दिवस डोकं वर न काढता विणत बसली. पाचव्या दिवशी तिने सुनेच्या हातात मरून-चॉकलेटी स्वेटर ठेवला.

"हा घालीत जा गो. यावर काय दिसत नाय. आन् लगेच खाऱ्या पान्यात टाकायचा."

भूमिका रडली नाही. "म्हणून तुमचे सगळे असे?" तिने विचारलं. इंदुबाईने मान हलवली. भूमिकाने स्वेटर घातला.

इंदुबाईच्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण हिच्यासारखी दुसरी नाही. तिला वाटलं, आपण पोरीला ढाल दिली. प्रत्यक्षात तिने मुलाला मोकळं रान दिलं. काही दिसत नाही म्हटल्यावर मिथुनचा हात सैल सुटला. कधी भाजीवरून, कधी फोन उचलला नाही म्हणून. पट्टा, चप्पल, एकदा तर कुकरचं झाकण. रंभाचं घर भिंतीला भिंत लावून. तिला सगळं ऐकू जायचं आणि दुसऱ्या दिवशी हौदावर मरून स्वेटर पाहून ती नजर वळवायची. भूमिकेचं हसणं कमी झालं, मग बंद झालं. ओटीवरचे पिस्ता आणि अबोली गुंडे धूळ खात पडले.

तिसऱ्या हिवाळ्यात भूमिकेला तिसरा महिना होता. मिथुनने पोटात लाथ मारली. ती न्हाणीत बसून राहिली आणि पाणी लाल होऊन वाहत गेलं. पेणला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? भूमिकाने सासूकडे पाहिलं. इंदुबाईच्या तोंडून शब्द असे सहज आले, तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेले.

"मिठागराच्या बांधावरून घसरली."

परत येताना रिक्षात भूमिकेच्या अंगावर तोच स्वेटर होता. इंदुबाईने तिचा हात धरायला हात पुढे केला, तर तिने आपला हात काढून घेतला. इंदुबाईला त्या दिवशी आपली लाज वाटली, अंग जाळणारी लाज. पण नुसत्या लाजेने माणूस उठत नाही. तिला उठवलं ते मिथुनने.

पंधरा दिवसांनी तो रोह्याहून आला तो हातात कागदाचं पुडकं घेऊन. जेवता जेवता त्याने ते आईकडे सरकवलं. आत लोकरीचे सहा गुंडे होते, तीन मरून, तीन चॉकलेटी. तीच छटा, तीच नकली चकचकीत लोकर, दिनानाथच्या दुकानातली.

"आये, हिचा विरला. आनखी एक विन," तो म्हणाला आणि घास घेतला. "जरा लांब विन या खेपेला. गुडघ्यापर्यंत."

आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. आमटीत मीठ टाक म्हणावं तसं तो बोलला. इंदुबाईने पाहिलं, पोराला रंग ठाऊक होता. धागा ठाऊक होता. किती गुंडे लागतात तेही ठाऊक होतं. बादली घेऊन पळणाऱ्या पोराला दुसरं काही नाही, पण एवढं बरोबर शिकवलं होतं तिने. आणि गुडघ्यापर्यंत म्हणजे तो आता कुठे मारायच्या बेतात आहे, हेही तिला कळलं. ही पोरगी पुढचा पावसाळा बघायची नाही. चुलीशी बसलेल्या भूमिकेलाही ते कळलं होतं, कारण तिने परात खाली ठेवून पाय पोटाशी ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई पेणला गेली. दिनानाथने सवयीने मरूनच्या खणाला हात घातला.

"तो नको. पांढरा द्या. सुती."

दिनानाथ वळून बघायला लागला. "पांढरा? अहो, मळतो तो. त्यात सुती. एक डाग पडला तर जन्मभर जायचा नाही."

"तसाच द्या."

तिने तो घट्ट विणला, मधे फट राहू नये असा. सुती दोऱ्याला लोकरीची लवचिकता नसते, बोटं दुखतात, पण एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ती पाच दिवस विणत राहिली. मिथुन कामावर असताना विणायची, तो आला की तांदळाच्या पिंपात लपवायची. भूमिका समोर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी ती बोलली.

"मला नको हा. मी घालायची नाय."

"तुना नाय विनीत," इंदुबाई म्हणाली. "माझ्या अंगाचा हाय."

सहाव्या दिवशी मिथुनची रात्रपाळी होती. सकाळी नऊला तो घरी आला तेव्हा घरात जळक्या प्लास्टिकचा उग्र वास भरला होता. इंदुबाई चुलीपुढे बसून त्याने आणलेले गुंडे एकेक करून आगीत टाकत होती. लोकर जळत नव्हती, वितळत होती, काळे थेंब होऊन लाकडांवर गळत होती. तीन गेले होते. चौथा तिने त्याच्यादेखत टाकला. भूमिकेचा जुना स्वेटर आधीच गेला होता. इंदुबाईच्या लुगड्यावर नवा पांढरा स्वेटर होता, कोरा करकरीत.

"डोका फिरलाय काय तुझा?" मिथुन म्हणाला.

"आतापर्यंत फिरलेला व्हता," ती म्हणाली आणि पाचवा टाकला.

मिथुनने आईला हात लावला नाही. तो भूमिकेकडे वळला. बाबाजीच्या वेळचं मिठाचं फावडं अजून दाराआड उभं असायचं. त्याने ते उचललं. "तू शिकवलंस आयेला," असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी दांडा वर नेला. इंदुबाई पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले, पण त्या क्षणी ती कशी उठली ते तिलाही आठवत नाही. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. दांडा आधीच खाली येत होता. तो तिच्या कपाळावर बसला, भुवईच्या वर, आणि कातडी केसांपर्यंत फाटली.

डोक्याला लागलं की रक्त फार येतं. डोळ्यात गेलं, गालावरून हनुवटीवर आलं आणि पांढऱ्या सुतावर पडलं. सूत ते पीत गेलं. गळा लाल झाला, छाती लाल झाली. इंदुबाई खाली पडली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मान खाली घालून स्वेटरकडे बघत राहिली. असं लख्ख लाल तिने तो आकाशी स्वेटर गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मिथुनच्या हातातून फावडं गळून पडलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. आणि मग त्याने जे केलं ते इंदुबाईला त्या घावापेक्षा जास्त लागलं. तो धावत मोरीवर गेला, बादली उचलली आणि मागच्या दाराने मिठागराकडे पळाला. तिसाव्या वर्षी, तस्साच, सहा वर्षांचा असल्यासारखा.

पाणी हिंदकळवत तो परत आला. "काढ तो आये. पटकन काढ. सुकायच्या आत टाक."

तिने पायाने बादली उलथी केली. खारं पाणी जमिनीवर पसरलं.

"नाय काढायचा."

मग मिथुनचं भान सुटलं. तो तिच्या अंगावर आला, स्वेटर गळ्याशी धरून ओढायला लागला. तिला हिसडे बसत होते, डोकं भिंतीवर आपटत होतं. पाच दिवसांची घट्ट वीण फाटत नव्हती. "काढ, काढ," एवढंच तो म्हणत होता आणि त्याचे हात आईच्या रक्ताने माखले होते. भूमिकाने जमिनीवरचं फावडं उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. कचकन आवाज आला. तिने पुन्हा हाणलं, कोपरावर. दोन वर्षांचं सगळं त्या दांड्यात होतं. मिथुन हात पोटाशी धरून खाऱ्या पाण्यात बसला आणि लहान पोरासारखा ओरडायला लागला. भूमिकाने तिसऱ्यांदा दांडा वर नेला.

"बस गो," इंदुबाई म्हणाली. "चल."

दोघी पुढच्या दाराने बाहेर पडल्या. भर सकाळ, हौदावर सगळ्या बायका, बांधावर माणसं. गाव जागच्या जागी थांबलं. रंभा हंडा टाकून पुढे आली. ती आता म्हातारी झाली होती, पण तीच ती रंभा, जिने आकाशी स्वेटर पाहिला होता.

"इंदे, काय झाला गो हा? ये आत ये. आधी धू तो, लोक बघतात."

"बघू दे," इंदुबाई म्हणाली. "तेच्यासाठीच विनलाय."

रंभा घरात गेली, पायांत चपला अडकवून बाहेर आली आणि त्यांच्या मागे चालायला लागली. फाट्यावर सहा आसनी रिक्षा मिळाली. आत बसलेल्या माणसांनी सरकून जागा दिली. इंदुबाईने पदर कपाळावर दाबून धरला होता, पण स्वेटरवर येऊ दिला नव्हता. रिक्षात भूमिकाने तिचा दुसरा हात धरला. इंदुबाईने बोटं घट्ट आवळली. मुलाचा आक्रोश अजून तिच्या उजव्या कानात होता आणि तो तिथेच राहणार, हे तिला कळत होतं. जन्म दिलेलं पोर ते. तिला त्याच्यासाठी रडू येत होतं आणि ती रिक्षा थांबवत नव्हती.

ठाण्यात टेबलामागे प्रणिता नावाची तरुण हवालदार होती. तिने इंदुबाईला पाहताच खुर्ची दिली, पाणी दिलं, दवाखान्यात फोन लावला. मग कागद ओढून विचारलं, "आजी, कुठे पडलात?"

तोच प्रश्न. उत्तर जिभेवर तयार होतं, बांधावरून घसरले. इंदुबाईने एकदा भूमिकेकडे पाहिलं.

"पडले नाय. माझ्या पोराने मारला. मिथुन बाबाजी. मारत व्हता हिला, लागला मना. हिला दोन वर्सं मारतो. पोटातला पोर गेला तो बांधावरून घसरून नाय गेला, तेच्या लाथेने गेला. डॉक्टरनीला खोटा सांगितला ता मी. ता पन लिवा. आन् माझ्या सुनेने आज तेचा हात मोडला, ता पन लिवा."

"मी ऐकलाय," मागून रंभा म्हणाली. "भिंतीपलीकडून. तेचा आन् तेच्या बापाचा पन."

प्रणिता लिहीत राहिली. पान भरलं, दुसरं घेतलं. लिहून झाल्यावर तिने एक मोठी कागदी पिशवी आणली आणि भूमिकेच्या मदतीने इंदुबाईच्या अंगावरून स्वेटर हळूच उतरवून घेतला. पुढची सगळी बाजू आता वाळून ताठ झाली होती.

"हा पुराव्यात जाईल," ती म्हणाली. "याला आता कोणी हात लावायचा नाही. पाण्यात तर अजिबात टाकायचा नाही, नाहीतर डाग निघून जाईल."

"नाय जायचा बाय," इंदुबाई म्हणाली. "सुती हाय."